टेकाडावरचे नांगे

झिपरू बैसाण्यांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, उभ्या आयुष्यात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. मुलगा प्रशील जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला तेव्हा पहिल्या पगारात त्याने बापासाठी एक घड्याळ आणलं होतं. ते अजून डब्यासकट पेटीत पडून आहे. आबांना त्याची गरजच पडली नाही. खर्दळच्या माळावर सकाळचे नऊ वाजले हे पखुर्ड्या सांगायच्या.

पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, मातीच्याच रंगाचा पक्षी. जमिनीवर दबून बसली तर चार पावलांवरून दिसायची नाही. पण पाण्याला निघाली की थव्याने, घशातल्या घशात ‘कट्रो, कट्रो’ करत डोक्यावरून जायची, आणि जायची ती ठरल्या वेळेला. आबांची आई इंदिराबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. कान सतत आभाळाकडे. थवा वरून गेला की ती खुरपं खाली ठेवायची. मुकादम काही बोललाच तर म्हणायची, “पखुर्ड्या पानीवर गयात, भाऊ. आते भाकर.” मग मुकादमही आपली भाकर सोडायचा, कारण त्याच्याकडेही घड्याळ नव्हतं.

तिनेच लहानग्या झिपरूला एकदा पाझर तलावाच्या काठी बसवून नर दाखवला होता. मादी पाणी पिऊन उडाली, पण नर पाण्यात शिरला, पोट बुडवलं, अंग हलवून हलवून पोटाची पिसं भिजवली आणि मग जड झाल्यासारखा उडाला. “देख,” आई म्हणाली, “तो पानी भरी ऱ्हायना. माळवर पिल्लं शेतस त्यान्हा. त्या पिसं चोखतीन.” पुढे लग्न झाल्यावर हीच गोष्ट आबांनी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितली, आणि ती त्यांना जन्मभर महागात पडली. मंदाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन दारात आली की म्हणायची, “पक्षीले समजस. तुमले कधी समजाव?”

खर्दळ दोंडाईचापासून बारा किलोमीटरवर. गावाच्या उत्तरेला माळ, आणि माळाच्या टोकाला एक मुरमाड टेकाड. सरकारी कागदावर या सगळ्या जमिनीला एकच शब्द होता, पडीक. पण आबांनी ती जमीन रिकामी कधी पाहिली नव्हती. पावसाळ्यानंतर तिथे मांडीएवढं पवन्या गवत उभं राहायचं. ठेलारी मेंढ्या घेऊन यायचे. चंडोल सरळ वर चढून गाणं म्हणत खाली उतरायचा. खोकडाची एक जोडी दरवर्षी त्याच बिळात पिल्लं घालायची. आणि पखुर्ड्या तर शंभराने होत्या.

सहा वर्षांपूर्वी गावाने तिथे झाडं लावली. अकरा हजार खड्डे. बहुतेक गिरिपुष्प, ज्याला इकडे उंदीरमारी म्हणतात. लवकर वाढते, गुरं तोंड लावत नाहीत, पाण्याची फार मागणी करत नाही. थोडी करंज, थोडा सुबाभूळ. भोवती चर खणला, तारेचं कुंपण केलं. राखणीला रोजंदारीवर माणूस हवा होता. भूमिहीन, कष्टाचा, दारू न पिणारा, अशी यादी केली तेव्हा गावात एकच नाव उरलं.

आबांनी ते काम नोकरीसारखं केलं नाही, लेकरं वाढवल्यासारखं केलं. पहिले दोन उन्हाळे टँकर वेळेवर यायचा नाही. आबा सायकलला दोन कॅन लावून पाझर तलावावरून पाणी आणायचे आणि टेकाडावर ती सायकल ढकलत चढवायचे. मंदाबाई म्हणाली, “मन्हा हंडा कधी उचला नही, आनि उंदीरमारीले पानी भरी ऱ्हायनात.” पण संध्याकाळी त्यांचे खांदे तीच चोळून द्यायची. जगण्याचं प्रमाण शेकड्याला ब्याण्णव निघालं. तालुक्यात एवढं कुठेच नव्हतं. कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ मिळालं. ‘ओसाड माळावर फुलवलं नंदनवन’ असा फलक कुंपणाच्या दारात लागला, त्यावर आबांचा फोटो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मंदाबाईने ती शाल घडी घालून ठेवली.

खोकडाचं बीळ पहिल्याच पावसाळ्यात चराच्या पाण्याने भरलं होतं. आबांना वाटलं, जातील दुसरीकडे. ठेलारी कुंपणापर्यंत आले, उभे राहिले आणि मेंढ्या वळवून गेले. चंडोल कधी गप्प झाला हे लक्षातच आलं नाही. तो गाण्यामुळे कळायचा, आणि नसलेलं गाणं ऐकू येत नाही.

पखुर्ड्यांचं मात्र पोटाने सांगितलं. तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. आबा रोपांची आळी करत होते. मंदाबाई कसल्या तरी कामाने माळावर आली तर भाकरीचं फडकं झाडाला तसंच टांगलेलं.

“खादी नही?”

“वेळ व्हवाले नको का?”

“एक वाजना, प्रशीलना बाप.”

आबा उठून उभे राहिले. आभाळाकडे पाहिलं. त्या सकाळी कोणीच डोक्यावरून गेलं नव्हतं. मग आठवत गेलं तसं कळलं, कालही नाही, परवाही नाही. आठवडाभर ते भुकेने हात थरथरायला लागले की जेवत होते आणि म्हातारपण आलं असं समजत होते.

पुढचे काही दिवस ते सगळ्या माळावर फिरले. झाडांच्या सावल्या एकमेकींना भिडल्या होत्या. खाली पवन्या पिवळा पडून बसला होता आणि त्यावर कुजक्या पाल्याचा थर. आबा राखणदार होते, म्हणून त्यांना हे इतरांपेक्षा लवकर समजलं. जमिनीवर अंडी घालणाऱ्याला चारी बाजूंनी दिसावं लागतं. आपणही राखणीला बसताना आडोशाला बसत नाही, उघड्यावर बसतो. मग पखुर्डी झाडाखाली कशी बसेल?

गावाचा उपसरपंच समाधान पाटील. वय सत्तावीस, शेतकीची पदवी घेऊन गावात परतलेला. लागवडीचा सगळा पाठपुरावा त्याचाच आणि आबांवर त्याचा फार जीव. आबांनी त्याला एकदा भीतभीत सांगून पाहिलं, “समाधान, माळवरल्या पखुर्ड्या गयात रे.”

तो मोटारसायकलवर बसल्या बसल्या हसला. “जाऊ द्या आबा. आता मोर येतील, पोपट येतील. पक्षी झाडावरच तर राहतात.”

आबा परत आळ्यांकडे वळले. शिकलेल्या पोराला, तेही इतक्या चांगल्या पोराला, कसं सांगायचं की सगळेच झाडावर राहत नाहीत? आणि मुळात ज्याचा फोटो फलकावर आहे त्याने हे कोणत्या तोंडाने बोलायचं?

गेल्या वर्षी पाऊस संपला तेव्हा त्यांनी ठरवलं. उत्तरेच्या टेकाडावर मुरूम होता, तिथली झाडं खुरटीच राहिली होती. आबांनी पहार घेतली. रोज चार, रोज पाच. दिवसाढवळ्या, कारण राखणदारावर राखण कोण ठेवणार? एकशे साठ झाडं त्यांनी मुळासकट काढली. ज्या हातांनी कॅन चढवले त्याच हातांनी. हजेरीच्या वहीत झाडांचा रकाना होता, तिथे त्यांनी ‘मेले’ लिहिलं. सहा वर्षांत त्या वहीत त्यांनी लिहिलेलं हे पहिलं खोटं.

मंदाबाईला चुलीने सांगितलं. “हाई लाकूड उंदीरमारीनं शे,” ती फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली. आबांनी मग सगळं सांगितलं. तिने लाकूड चुलीत आत सरकवलं.

“कोनले कयनं त?”

“नोकरी जाई. शाल बी परत मांगतीन.”

“शाल लई जावोत,” मंदाबाई म्हणाली. “पन पक्षी येतीन का?”

पवन्या आपोआप आला. त्याचं बी मुरमात कधीचं वाट पाहत होतं. आणि फेब्रुवारीत, एका सकाळी, दोनच पखुर्ड्या डोक्यावरून गेल्या. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे दिसलं काहीच नाही. पण ‘कट्रो’ ऐकू आलं. त्यांनी टिकाव खाली ठेवला, फडकं सोडलं आणि भाकर खाल्ली. नुसती मिरची होती बरोबर. मंदाबाईला घरी जाऊन म्हणाले, आज कालवण झकास झालं होतं.

मे महिन्यात मादी त्यांच्या पायाजवळून उडाली. आबा गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी चाचपत शोधलं. उघड्या मुरमावर, गवताच्या दोन बुंध्यांमध्ये, तीन अंडी. घरटं असं काहीच नाही. त्यांनी हात लावला नाही. तेव्हापासून त्यांनी टेकाडाकडे जायची वाटच बदलली.

जूनच्या एक तारखेला झाडांसाठी बांधलेल्या पाण्याच्या टाकीवर नर आला. टाकीच्या पायथ्याशी गळतीचं डबकं साचलं होतं. तो त्यात शिरला, पोट बुडवलं, अंग हलवलं. आबांना धूसर दिसत होतं, पण एवढं ते डोळे मिटूनही ओळखू शकले असते. पिल्लं निघाली होती.

नेमकी त्याच वेळी प्रशीलने डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती. आबांनी ती दोनदा पुढे ढकलली होती, तिसऱ्यांदा प्रशील ऐकेना. “डॉक्टर म्हणतात, आता ढकललं तर डोळा जाईल.” आबांनी बोटांवर हिशेब केला. जायला-यायला धरून पाच दिवस. पिल्लं उडायला तीन-चार आठवडे. तोवर धोका एकच, माणसाच्या पायाचा. पण मृगाआधी टेकाडावर कोण येतं? पावसाशिवाय कोणी झाड लावत नाही. शेतकऱ्याच्या गावात हे काय सांगायचं?

तरी निघताना त्यांनी समाधानला गाठलं. “उत्तरना टेकाडवर कोनले जाऊ देऊ नको.”

“का आबा? काय आहे तिथं?”

खरं सांगायचं तर झाडं उपटल्याचंही सांगावं लागलं असतं. “काही नही,” आबा म्हणाले. “मुरूम सुटना शे. कोनना तरी पाय मुरगळी.”

“बरं. तुम्ही डोळा सांभाळा.”

जळगावातल्या पिंप्राळ्यात प्रशीलच्या दोन खोल्या होत्या. ऑपरेशन ठीक झालं. डोळ्यावर पट्टी, मान हलवायची नाही. खिडकीखालून रिक्षा जायच्या, शेजारच्या दुकानाचं शटर वर-खाली व्हायचं. आबा दिवसातून दहा वेळा किती वाजले विचारायचे.

“घड्याळ दिलं होतं ना तुम्हाला,” प्रशील म्हणायचा.

“तठे चालस ते आठे चालत नही,” आबा म्हणायचे. प्रशीलला वाटायचं, पेटीतल्या घड्याळाची बॅटरी संपली असणार.

चौथ्या दिवशी समाधानचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. “आबा, परवा पाहणीचं पथक येतंय, वरून. अचानक कळवलं. पण तुम्ही काळजी करू नका, मी सगळं सांभाळलंय. तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही.”

आबांना वाटलं, टँकरचं काही असेल. “पोऱ्या गुनना शे,” ते सुनेला म्हणाले.

बरोबर आलेल्या मंदाबाईला प्रशीलने आठवडाभर ठेवून घेतलं. आबा पहाटेच्या गाडीने एकटेच निघाले. काळा चष्मा, खिशात डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली. दोंडाईचा स्टेशनवर समाधान मोटारसायकल घेऊन हजर.

“जयभीम, आबा. हिरो दिसताय.”

“चष्मा काढू का? मंग दखाईन हिरो.”

गाव येईपर्यंत समाधानला धीर निघेना. फाट्यावर वळताना तो मान मागे करून म्हणाला, “आबा, तुम्ही मला का नाही सांगितलं?”

आबांनी कान पुढे केला. “काय?”

“टेकाडावरची रोपं मेली ते. मी गेलो होतो पाहायला. एकशे साठ नांगे. मला तेव्हाच कळलं, तुम्हाला लाज वाटली म्हणून कोणाला जाऊ देत नव्हतात. अहो, तुमच्यासारख्या माणसाची दीडशे झाडं मेली तर काय झालं? पण पथकाने तेच धरलं असतं. म्हणून काल भरून टाकले सगळे नांगे. चाळीस बाया लावल्या, रोपं दोंडाईचाच्या रोपवाटिकेतून आणली, टँकर मागवला. एक पैसा कोणी घेतला नाही. बाया म्हणाल्या, आबांचं काम आहे.”

पिकात मेलेल्या रोपांच्या जागा पुन्हा लावल्या की त्याला नांगे भरणं म्हणतात. आबांनी जन्मभर लोकांच्या कपाशीचे नांगे भरले होते.

“माळवर चाल,” ते म्हणाले.

“घरी चहा तरी—”

“माळवर चाल, समाधान.”

कुंपणाच्या दारात फलकावर त्यांचा फोटो होता. आबा पुढे निघाले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. टेकाडावर पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला.

ऑपरेशनच्या डोळ्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यांना वर्षानुवर्षांत पहिल्यांदा मुरमातला एकेक खडा वेगळा दिसला. एकशे साठ खड्डे, दोरी धरून काढल्यासारखे सरळ. प्रत्येकात वीतभर रोप. गवत उपटून बाजूला ढीग केलेलं. रोपांच्या काळ्या पिशव्या बायांनी नीट गोळा करून दगडाखाली ठेवल्या होत्या. ओल्या मातीत सगळीकडे पावलं. चपलांची, अनवाणी.

आबा रांगांमधून चालू लागले. समाधान मागे.

“काही हरवलं का आबा?”

पखुर्डीच्या पिल्लाला धोका वाटला की ते पळत नाही. आहे तिथे जमिनीला चिकटतं आणि हलत नाही. कोल्ह्यासमोर, घारीसमोर हे कामी येतं. आबांना हे माहीत होतं, म्हणून ते नुसते खड्ड्यांतून काढलेल्या मातीचे ढीग बघत होते. तिसऱ्या रांगेत ते वाकले. मातीचं ढेकूळ उचललं. खाली लिंबाएवढं काहीतरी होतं, मुरमाच्याच रंगाचं, चपटं झालेलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं.

समाधान जवळ आला. वाकला. “हे काय आहे?”

“तीन व्हतात,” आबा म्हणाले.

मग त्यांनी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. पहार, वही, फेब्रुवारी, अंडी. सांगायला फार वेळ लागला नाही. इतक्या लहान गोष्टीसाठी त्यांनी आठ महिने तोंड बंद ठेवलं होतं.

समाधान खाली बसला. “मला सांगायचं होतं आबा. एक शब्द.”

“हां,” आबा म्हणाले. “सांगाले पाहिजे व्हतं.”

ते त्याला टोचायला म्हणाले नव्हते. चूक कोणाची हे ते स्वतःशी मोजत होते आणि मोजून झालं होतं.

समाधान एकदम उठला आणि जवळचं रोप धरून उपटायला लागला. आबांनी त्याचा हात धरला. “ऱ्हाऊ दे. त्या रोपास्नी काय करं?”

तेवढ्यात टाकीच्या बाजूने आवाज आला. ‘कट्रो.’ एकच.

नर टेकाडावर एक घिरटी घालून उतरला, दोघांपासून वीसेक पावलांवर. पोटाची पिसं ओली होऊन काळी दिसत होती. तो थोडा चालला, थांबला. पुन्हा चालला. एका नव्या रोपाच्या आळ्यापाशी येऊन त्याने अंग फुगवलं, पोटाची पिसं मोकळी केली आणि ताठ उभा राहिला. पिल्लांनी यावं म्हणून नर असा उभा राहतो. कुठूनच कोणी धावत आलं नाही. तो तसाच उभा. मग दुसऱ्या जागी गेला आणि तिथेही तसाच उभा राहिला.

समाधानने एकदा तोंडावरून हात फिरवला. दोघंही हलले नाहीत. ऊन चढत होतं. पोटाची पिसं काळ्याची तपकिरी झाली, तपकिरीची मातीच्या रंगाची झाली. सगळी सुकल्यावर नर उडाला.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. प्रमाण शेकड्याला चौऱ्याण्णव भरलं. साहेबांनी टेकाडावर उभं राहून फोटो काढला आणि आबांना मध्ये घेतलं. समाधान फोटोत आला नाही. टँकरचा पाइप धरून लांब उभा राहिला.

त्याने नंतर ग्रामसभेत टेकाड मोकळं ठेवायचा ठराव मांडला. पक्षी कोणता, विचारलं गेलं. त्याने सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. म्हाताऱ्या ताईबाईने पखुर्डीचं नाव ओळखलं, तरुणांपैकी कोणी नाही. पाहणीत नोंद झालेली झाडं आता काढता येत नाहीत, असं ग्रामसेवकाने नियम काढून दाखवलं.

नर आणखी दोन दिवस आला. दोन्ही दिवस आबा टाकीजवळ थांबले होते. पोट भिजवून तो टेकाडाकडे गेला, आणि आबांनी तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही.

त्या दिवशी मंदाबाईचा पिंप्राळ्याहून फोन आला. “थेंब टाकात का डोळामा?”

“टाकात.”

“भाकर खादी?”

आबांनी आभाळाकडे कान दिला. “नही आजून. वेळ व्हवाले नको का?”

पलीकडे तिने मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, “खाई ल्या, प्रशीलना बाप. आते मी सांगसू तुमले.”